पितळी पंपाची शिट्टी

सुईंऽऽ.

एवढाच आवाज. बारीक, लांबलेला, शेवटी जरा थरथरणारा. फार वर्षं झाली त्याला, पण माझी टाकी रिकामी असली की अजून तो माझ्या पोटात घुमतो.

मी पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप आहे. पितळेचा. माझ्यासारखे पंप आता कुणी बनवत नाही. हल्ली सगळे प्लास्टिकचे, हलके आणि रंगीत. मी जड आहे, आणि बोलतोही सावकाश. तुम्हाला घाई नसेल तर थोडं ऐका.

तो आवाज मी दुकानात ऐकला. खतं, बियाणं आणि अवजारांचं दुकान होतं ते. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो. एक तरुण आला. त्यानं मला खाली उतरवलं, दांडा वरखाली करून पाहिला, झाकण उघडून आत डोकावला. मग माझ्या नळीच्या टोकाची पितळी तोटी, जिला सगळे नोझल म्हणतात, ती फिरवून काढली, ओठांना लावली आणि फुंकली. भोक साफ आहे की नाही हे बघायची त्याची रीत होती ती. दुकानदाराची पुतणी काउंटरमागे बियाणं तोलत बसली होती. ती फिसकन हसली.

"पंप घ्यायचाय की बासरी?"

"दोन्ही एकातच मिळत असेल तर बरंच आहे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. मी मध्ये नसतो तर झालं नसतं असं मला वाटतं. त्याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही, ते असो.

दुकानाच्या आधीचं माझं आयुष्य थोडंच. एका कारागिराच्या हातोडीखाली पत्र्याचा मी गोल झालो. त्यानं माझे सांधे जोडले, माझ्यात पाणी भरलं आणि कान लावून कुठं गळतं का ते पाहिलं. माझ्या पोटात पहिल्यांदा गेलं ते साधं विहिरीचं पाणी. त्याचा गारवा मला आठवतो. पुढं जे जे आत गेलं ते मी निवडलेलं नव्हतं. पंपाला कुणी विचारत नाही.

माझ्या माणसाची स्वतःची बाग नव्हती. तो दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा फवारून द्यायचा. पहाटे वारा पडलेला असतानाच निघायचा. चिमूटभर माती बोटांतून सोडून वारा कुठून आहे ते पाहायचा आणि मग वाऱ्याकडे पाठ करून चालायचा. मी पाठीवर असल्यामुळे मला त्याचं काळीज ऐकू यायचं. माणसाचं काळीज छातीत असतं म्हणतात, पण ते पाठीतूनही चांगलं ऐकू येतं. दांडा डाव्या हाताला, नळी उजव्या हाताला, आणि मधे धक्‌ धक्‌ धक्‌. आम्ही तिघं एका तालात चालायचो.

नोझलच्या भोकात कचरा अडकायचा. दिवसातून चारदा, पाचदा. मग तो थांबायचा, नोझल काढायचा, तोंडाला लावायचा आणि फुंकायचा. सुईंऽऽ. बागेबाहेरच्या माणसांनाही कळायचं की कोण आलंय. म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. पुढं केस पिकायला लागल्यावर शिट्टीमामा.

त्याच्या वयाचे फवारणारे सगळेच असं करायचे. तारेनं टोकरलं तर भोक मोठं होतं, धार बिघडते, औषध जास्त जातं. तोंडानं फुंकलं की भोक जसंच्या तसं राहतं. चांगला कारागीर हत्याराला जपतो. माझा माणूस मला फार जपायचा. आता त्याचाच विचार करून माझा जीव खालीवर होतो.

अकरा वर्षांपूर्वी काळी माशी आली.

ती माशी पानाच्या मागच्या बाजूला बसते, रस पिते, आणि खालच्या पानांवर चिकट काहीतरी सांडत राहते. त्यावर काजळी धरते. महिनाभरात बागवाल्या काकांची चारशे झाडं चुलीतून काढल्यासारखी काळी झाली. काका म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही सर्वांत जास्त दिवस काम केलं ते. तोंडानं फटकळ, पण फवारणाऱ्याला आधी जेवायला बसवून मग स्वतः बसणारा माणूस. ते एका झाडाला धरून उभे होते आणि त्यांच्या हाताला काजळी लागली होती. तोच हात त्यांनी डोळ्यांना लावला. चेहरा काळा झाला, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

मग ते औषध आलं. निळ्या रंगाचं. त्याचं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला 'निळं' म्हणू लागले. बाटलीवर कवटीचं चित्र होतं आणि चित्राखाली मुंगीएवढी अक्षरं होती. एका फवाऱ्यात माशी गळून पडली. नवी पालवी हिरवी आली. काकांनी माझ्या टाकीवर थाप मारली आणि म्हणाले, "वाचवलंस रे बाबा."

खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. कितीतरी दिवस मी त्या थापेवर जगलो.

पण त्या वर्षापासून माझ्या माणसाच्या पाठीतून येणारा ताल बदलला. आधी मला वाटलं माझाच एखादा वॉशर सैल झालाय. मग लक्षात आलं की पट्ट्याचं बक्कल लावायला त्याला एकाऐवजी दोन वेळा प्रयत्न करावा लागतोय. पुढं चार वेळा. काम संपल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडाला लाळ सुटायची. तो ओशाळून बाहीला पुसायचा. बाहीवरही निळंच असायचं.

बायकोला सगळं दिसत होतं. फवारणीचे कपडे तीच धुवायची, मागच्या अंगणातल्या दगडावर. एकदा सकाळी तिनं त्याला चहा दिला. त्यानं फुंकून फुंकून सगळा प्यायला.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"छान. नेहमीसारखा."

"साखरेऐवजी मीठ घातलं होतं," ती म्हणाली. "चार दिवस झाले घालतेय. म्हटलं, आज तरी शिव्या द्याल."

तो हसला. ती हसली नाही. कप घेऊन आत गेली, आणि भांडी जरुरीपेक्षा जास्त वेळ वाजत राहिली.

असाच काळ गेला. मग यंदा बातमी आली की निळ्यावर बंदी घालायची की नाही हे ठरवायला वरून समिती येणार आहे. फळबाजाराच्या माडीवरच्या सभागृहात सुनावणी होणार, ज्याला जे सांगायचं ते त्यानं सांगायचं. सगळीकडे तोच विषय. जिथं दोन माणसं उभी राहायची तिथं तीन मतं व्हायची. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा म्हणायचा, माझ्या निम्म्या पेट्या गप्प झाल्या. बागवाले म्हणायचे, मग आमच्या झाडांनी गप्प व्हायचं का?

सुनावणीला आठ दिवस असताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. रक्त तपासायला दुसऱ्यांदा बोलावलं होतं आणि माझा माणूस गेला नव्हता. मी ओसरीवर खुंटीला होतो.

"मामा, तुम्ही येत नाही म्हटल्यावर मलाच यावं लागलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखे अकरा जण आहेत माझ्याकडे. हात थरथरतात, चव नाही, झोप नाही. अकराच्या अकरा फवारणारे. मी समितीपुढं कागद ठेवीन, पण कागदाला हात नसतात. तुम्ही नुसते उभे राहिलात आणि हात पुढं केलात तरी पुरे."

"वयामुळं होतं ते, बाई."

"तुमच्याहून बारा वर्षांनी मोठे बागवाले काका सुईत दोरा ओवतात. त्यांचं वय होत नाही का?"

जाताना त्या दारात थांबल्या. "आणि ते नोझल तोंडानं फुंकणं तेवढं बंद करा. गवताची काडी वापरा. तारेसारखी कडक नसते, भोक बिघडत नाही."

"हो बाई," तो म्हणाला. असं 'हो' मी फार ऐकलंय. ते पायरी उतरायच्या आत विरून जातं.

संध्याकाळी काका आले. बरोबर निळं बनवणाऱ्या कंपनीचा माणूस होता. पांढरा शर्ट, हातात मोठी पिशवी. काका बाजेवर बसले, तो उभाच राहिला.

"शिट्टी, तुला काही बोलायचं नाहीये," काका म्हणाले. "बोलायला हे आहेत. तू फक्त फवारून दाखवायचंस. हा पोशाख, हे हातमोजे, हा मुखवटा. टाकीत साधं पाणी. नीट सगळं घालून काम केलं की कुणाला काही होत नाही, एवढं दिसलं पाहिजे."

"काका, एवढं अंगावर घालून बागेत कोण चालतं? भाजून निघेल माणूस."

"बागेत चालायला कोण सांगतंय? पाच मिनिटांचं काम आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "मला काय विषाची हौस आहे का रे? दुसरं काही आहे का आपल्याकडे? साबणाचं पाणी आणि तेल मारून बघितलं मागच्या वर्षी. पंधरा दिवसांत सहा वेळा मारलं, तेव्हा कुठं निम्मी माशी गेली. हे बंद केलं तर चारशे झाडं तोडून सरपण करावं लागेल. मग मी कुठं आणि तू कुठं?"

"हो काका," तो म्हणाला.

त्यांचं खोटं नव्हतं. मला ती काळी झाडं आठवली, काजळीचा चेहरा आठवला. डॉक्टरीणबाईंचंही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच ओसरीवर येऊन गेल्या होत्या आणि माझ्या माणसानं दोघांनाही 'हो' म्हटलं होतं.

दोघं गेल्यावर बायको बाहेर आली. "मग? काय ठरलं?"

"फवारून दाखवीन."

"आणि हाताचं?"

"हातमोजे आहेत की. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना," ती म्हणाली. "अहो, मी काय परकी आहे? मिठाचा चहा पिऊन छान म्हणणारा माणूस मी रोज बघते. उद्या तुम्हाला मी कोण हेही आठवेनासं झालं तर?"

"तुला कसा विसरीन? दुकानात बसून हसली होतीस."

"त्या शिट्टीलाच भुलले," ती पुटपुटली. "आणि आता तीच शिट्टी ऐकली की हातातलं काम टाकून दारात येते मी."

तो बोटं मांडीखाली दाबून बसून राहिला. थरथर दिसू नये म्हणून तो अलीकडे असाच बसायचा.

सुनावणीच्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा बायकोनं मला खुंटीवरून काढलं. मागच्या अंगणात नेलं. गरम पाणी आणि सोडा घालून टाकी धुतली. एकदा नाही, सात वेळा. नळीतून पाणी सोडलं, हुंगून पाहिलं, पुन्हा सोडलं. नोझल एका जुन्या डब्यात टाकून उकळलं, वाळवलं, पदराला पुसलं. इतकं स्वच्छ मला जन्मापासून कुणी केलं नव्हतं. कारागिराच्या हातचं ते पहिलं पाणी आठवलं मला.

मग तिनं माझ्या तोंडातली गाळणी काढली आणि खिडकीत ठेवली. अंगणातली चिमूटभर वाळू, धुऊन घेतलेली, टाकीत सोडली.

मला आधी कळेना. एवढं धुतल्यावर वाळू कशाला? मग कळलं आणि माझं पितळ गार पडलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नको बाई, इतक्या माणसांसमोर नको. तिनं माझ्या टाकीवर तळहात ठेवला. "ते काही बोलायचे नाहीत," ती हळूच म्हणाली. "म्हणून तुला त्रास देतेय." आणि झाकण लावून टाकलं.

सभागृह भरलं होतं. पुढं बागवाले, कडेच्या बाकावर बायका, मागं भिंतीला टेकून फवारणारे. समितीच्या अध्यक्षबाई मधल्या खुर्चीत, शेजारी दोन जण लिहिणारे. डॉक्टरीणबाईंनी आपले कागद वाचले. मधमाशीवाल्यानं एक रिकामी पेटी टेबलावर ठेवली. काका उठले आणि म्हणाले, "बंद करा, पण आधी दुसरं काय देता ते सांगा. झाडाला वाट बघता येत नाही." लिहिणाऱ्या दोघांनी तेवढं वाक्य लिहून घेतलं.

मग कंपनीच्या माणसानं माझ्या माणसाला पुढं बोलावलं. पांढरा पोशाख, हातमोजे, चष्मा, मुखवटा. मागून कुणीतरी म्हणालं, "शिट्टीमामा, चंद्रावर निघालात का?" हशा झाला. माझ्या टाकीत घडाभर साधं पाणी ओतलं गेलं. पट्टे खांद्यावर आले. जाड पोशाखातूनही मला त्याचं काळीज ऐकू येत होतं. फार वेगात होतं ते.

"सूचनेप्रमाणे वापरलं तर औषध शरीराजवळही येत नाही," कंपनीचा माणूस सांगत होता. "बघा आता."

दांडा वरखाली झाला. कुंडीतल्या झाडावर फवारा उडाला, धुक्यासारखा छान. एकदा. दोनदा. मग धार वाकडी झाली, बारीक झाली, थांबली. वाळूचा कण भोकात बसला होता.

मी श्वास रोखला. पंपाचा श्वास म्हणजे टाकीतली हवा. ती कोंडून राहिली.

माझ्या माणसानं एक क्षणही विचार केला नाही. तीस वर्षांचा हात तो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, मुखवटा हनुवटीखाली ओढला, हातमोज्यात नोझल फिरत नाही म्हणून उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, नोझल सोडवलं, ओठांत धरलं आणि फुंकलं.

सुईंऽऽ.

सभागृहात तेवढा एकच आवाज होता. कंपनीच्या माणसाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. माझ्या माणसाचा उघडा हात हवेत होता, नोझल धरलेला, आणि तो सगळ्यांसमोर थरथरत होता.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सूचनांमध्ये आहे?"

"हा त्यांचा वैयक्तिक निष्काळजीपणा आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"असं कितीजण करतात?" बाईंनी मागच्या भिंतीकडे पाहून विचारलं.

एक म्हातारा फवारणारा खोकला आणि म्हणाला, "बाई, कोण करत नाही ते विचारा. लवकर आटपेल."

माझ्या माणसानं नोझलमधून निघालेला वाळूचा कण तळहातावर घेतला. त्याच्या पंपात वाळू? गाळणी असताना? त्यानं मान वर केली आणि बायकांच्या बाकाकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही. पाठीवरून मी त्याचं काळीज ऐकत होतो. एक ठोका त्याचा चुकला.

त्याला आता महिना झाला. समिती कागद घेऊन गेली. निर्णय यायचाय. कुणी म्हणतं बंदी येणार, कुणी म्हणतं वर्षभर काही होत नाही. तोवर दुकानात निळं मिळतंच आहे. माझ्या माणसाला कुणी कामाला बोलावलेलं नाही. वाळूबद्दल तो बायकोला एक शब्द बोललेला नाही, तिनंही विषय काढलेला नाही. तिनं चहात साखर घातली की मीठ, हे मला इथून कळत नाही. मी खुंटीला आहे. गाळणी अजून खिडकीतच आहे, जिथं तिनं ठेवली होती. रोज ती दोघंही तिच्याकडे बघतात आणि कुणी तिला हात लावत नाही.

माझं वय झालंय, म्हणून एक मागतो. मोठ्या टेबलावर काय ठरायचं ते ठरो, मला त्यातलं कळत नाही. पण तुमच्या ओळखीचा कुणी फवारणारा नोझल तोंडाशी नेताना दिसला, तर त्याचा हात धरा. गवताची काडी त्याच्या हातात द्या. आणि मला वापरलंत तर धुवा. सात वेळा नाही जमलं तर तीन वेळा तरी.

आज सकाळी काका आले. हातात निळ्याची बाटली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, दमणूक होती.

"शिट्टी, झालं गेलं जाऊ दे," ते ओसरीखाली उभे राहून म्हणाले. "माशी आली आहे. वरच्या अंगाची चाळीस झाडं काळी पडली. निर्णय येईपर्यंत तर चालतंय ना हे? तुझ्याइतका हात कुणाचा नाही. चल."

बायको दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं होतं, ते पुसायचंही भान नव्हतं तिला.

माझा माणूस उठला. त्यानं मला खुंटीवरून काढलं. एक पट्टा खांद्यावर घेतला. त्याची पाठ मला लागली आणि माझी टाकी भीतीनं वाजायला लागली. की त्याचा हात मला वाजवत होता, कुणास ठाऊक. बक्कल लावायला त्यानं एकदा प्रयत्न केला. दोनदा. तीनदा.

चौथ्यांदा त्यानं केला नाही. मला खाली ओसरीवर ठेवलं. नळी हातात घेतली, नोझल सावकाश फिरवून काढलं. सवयीनं ते ओठांपर्यंत गेलं. तिथं थांबलं. दारात ती श्वास रोखून होती, काका खाली बाटली धरून होते.

त्यानं नोझल ओठांपासून लांब घेतलं, बायकोचा पिठाचा हात हातात घेतला, नोझल तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटली. मग तो पायरी उतरला, काकांच्या शेजारून, बाटलीच्या शेजारून चालत गेला.